लोखंडी जादूगार

रुआबांधा, भिलाई

प्रिय भूमिका,
अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला काय? तुझ्या खोलीतल्या निशाच्या अक्कलदाढेचं काय झालं, काढली की अजून गाल धरूनच लेक्चरला बसते? मेसवाल्या सिंधुताईंचा गुडघा कसा आहे? इकडं तुझ्या आईचं बीपी गोळीनं ताब्यात आहे. तुझा बाबा नेहमीसारखा ठणठणीत आणि गप्प. आजीची जीभ घरात सगळ्यात तंदुरुस्त. मी बरा. मान तेवढी धरली आहे, ती कावून ते सांगतो.

दिवाळीनंतर नागपूरला परत जाताना तू कम्प्युटर इथंच ठेवलास. 'मले नाही लागत आता' म्हणालीस, ऑटोत बसलीस आणि मागं वळून पाहिलं नाहीस. महिनाभर मी त्यावर चादर टाकून ठेवली. मग एका दुपारी वाटलं, पोरगी ज्याच्यापायी जेवण विसरत होती ते आहे तरी काय, पाहून घ्यावं. शेजारच्या खुशबूनं तुझा तो राक्षसांचा खेळ लावून दिला आणि मी जादूगार घेतला. दर लेव्हलला पाच पॉइंट मिळतात, वाटेल तिथं टाका. आता मी फर्नेसवर चौतीस वर्षं काढलेला माणूस. आमचा पहिला धडा, आधी जीव सांभाळ. सगळे पॉइंट मी तब्येतीत आणि ताकदीत टाकले. अंगात लोखंडी चिलखत, डोक्यावर टोप. सेफ्टीवाल्या साहेबानं पाठ थोपटली असती त्याची! पण मंत्र फेकायची जी निळी पट्टी असते, ती करंगळीएवढी. आगीचे दोन गोळे फेकले की खलास. चिलखत इतकं जड की पळताही येईना. पुलावरच्या त्या मोठ्या सरड्यानं मले एकतीस वेळा मारलं, मान धरली ती याच्यापायीच. खुशबू पोट धरून हसून राहिली होती, "दादाजी, ये जादूगर है कि पहलवान?" आणि आजी स्वयंपाकघरातून, "राक्षस मारून झाले असतील तं सिलिंडर लावून द्या."

शेवटी खुशबूनंच समजावलं. पॉइंट बुद्धीत टाका, तब्येत एखादा फटका सोसण्यापुरती ठेवा, कपडे हलके घाला आणि दूर उभे राहा. मग माझं मलाच हसू आलं. भट्टीचं तोंड उघडताना आम्ही तरी कुठं जवळ जात होतो? लांब पाइप घेऊन दुरूनच काम. इतकी वर्षं जे हातानं केलं ते डोक्यात आलं नाही. पण पॉइंट तर टाकून बसलो होतो. तर म्हणे खेळातल्या गावात एक विहीर आहे, तिचं पाणी प्यायलं की टाकलेले पॉइंट परत हातात येतात, एकदाच. प्यायलो. मले वाटलं, आता पुन्हा पहिलीत बसावं लागते. तसं नाही गं! लेव्हल बावीसची बावीसच राहिली, फक्त मांडणी नवी. परवा तो सरडा पडला. मी असा ओरडलो की आजी उलथनं घेऊन धावत आली.

तो पडला आणि मले तू आठवलीस. तुझा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा फॉर्म मीच भरला होता. तुझ्या वह्या राक्षसांच्या चित्रांनी भरलेल्या असायच्या, त्या मीच रद्दीत काढत होतो. आणि दिवाळीत तू म्हणालीस, मले डिझाइनच्या कॉलेजात जाऊन असे खेळ बनवायला शिकायचं आहे, तेव्हा तुझ्या बाबाच्याही आधी मीच तोंड उघडलं, 'पहिले पक्की नोकरी.' चिलखत मीच चढवलं तुले, बेटा. चुकलो. काल तुझ्या बाबाला, धनंजयला समोर बसवून हे सगळं सांगितलं. तो नखानं टेबलावरचा डाग खरवडत होता. मग म्हणाला, "तिले विचारा, त्या डिझाइनच्या कॉलेजची परीक्षा कधी असते." फोनवर तू 'हं, हं' करून ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. इंजिनिअरिंगची दोन वर्षं वाया गेली असं मनात आणू नको. ती तुझ्याजवळच आहेत, मी खेळात पाहून आलो आहे. आता तुझा बाबा रोज संध्याकाळी आला की चप्पल काढायच्या आधी विचारेल, पत्र आलं काय. परीक्षेची तारीख लिही, बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल. पण लवकर लिही.

तुझाच,
आबा