पांदण का आभाळात हाय?

आई, तुझ्या माहेरच्या पांदणीवरून माझं ऑफिसात भांडण झालं. हसू नको. म्हणजे हस, पण आधी पूर्ण ऐकून घे, जी तुझी सवय नव्हती.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, आता काय करते ते तुला ठाऊक नाही. ड्रोनमधून, विमानातून जमिनीचे फोटो काढतात आणि त्यात रस्ते कुठे आहेत हे कॉम्प्युटरने आपणहून ओळखावं म्हणून मी त्याला शिकवते. न्यूरल नेटवर्क म्हणतात त्याला. लहान पोरासारखं शिकवावं लागतं, म्हणून आम्ही आपसात पोट्टं म्हणतो. शिकवायचं म्हणजे समजावून सांगायचं नाही. तू मला तरोट्याची भाजी ओळखायला शिकवलीस ना, अगदी तसंच. कुहीकडे मामाच्या वावरात तू नुसती दाखवत चालायचीस, हा तरोटा, हा नाही, हा तरोटा. मी भलतंच पान खुडलं की हातावर चापट. "काहून म्हणून इचारू नको वं, पाहत जाय." मीही पोट्ट्याला रस्ते रंगवून दाखवते, चुकलं की चूक दाखवते, पुन्हा दाखवते. सुरुवातीला तर त्यानं धानाच्या बांध्यांमधले सगळे मातीचे उंच धुरे रस्ते म्हणून रंगवले. कुहीत एवढ्या सडका! नागपूरकरांनी हेवा करावा.

ती चूक सुधारली, तर नवीच खोड निघाली. पांदणीकडे ते बघेचना. दोन्ही बाजूंनी बाभळी, वरून सावली, मधात बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, त्यातही गवत. पण दोष त्याचा नव्हता. आम्ही त्याला पक्का रस्ता शिकवला होता, कच्चा रस्ता शिकवला होता, पायवाट शिकवली होती. पांदण आमच्याकडे 'इतर'मध्ये पडली होती, नाले आणि कुंपणांच्या सोबत. त्यामुळे तुझं गाव नकाशावर सुटं पडलेलं, चहूकडे नुसती शेतं. आणि कोणत्या गावाचा रस्ता आधी बांधायचा, ते याच नकाशावरून ठरणार आहे. जिथे रेघच नाही, तिथे कोण कशाला बघतो?

आमचा साहेब माझ्याहून लहान, पुण्याचा, स्वभावानं चांगला. म्हणाला, "मॅडम, बैलगाडीची वाट ती. तिला रस्ता कसं म्हणायचं?" आणि मला नागपुरातलं, जरीपटक्याचं आपलं स्वयंपाकघरच दिसलं. मोठी आत्या पाटावर बसून पोहे खाते आहे आणि म्हणते आहे, "हिच्या गावाले रस्ताच नाही बाप्पा, आपली वरात कशी पोचली देव जाणे!" सगळे हसतात. तू झारा कढईत ठेवतेस, पदर खोचतेस, वळतेस. "सडक नाही म्हणा, बाई. रस्ता काहून नाही? पांदण का आभाळात हाय? वरात आली, माहा भाऊ येते, धान जाते, मुर्दा जाते. अजून रस्ता कशाले म्हणतेत?" आत्यानं उरलेले पोहे भराभर संपवले.

मी तेच बोलले, तुझ्याच ठसक्यात. "सर, पांदण का आभाळात हाय?" आणि समोर आभाळातूनच काढलेले फोटो! सगळे खो खो हसले, साहेबही. हसून झाल्यावर त्यानं विचारलं, "बरं, तिथून काय काय जातं?" मी तुझीच यादी ऐकवली. त्यानं वेगळा वर्ग करायला सांगितलं, आणि मी तो मराठीत लिहिला: पांदण.

मग मी पांदणी रंगवत बसले, मौद्याकडच्या, उमरेडकडच्या, दिसेल ती. तुझ्या गावाचा फोटो मात्र मुद्दाम लपवून ठेवला. पोट्ट्यानं त्यातली पांदण न शिकवता ओळखावी, अशी माझी इच्छा. आज दुपारी तो त्याच्यापुढे टाकला. रेघ सडकेपासून निघाली, बाभळींखाली तुटली, गेली बाप्पा म्हटलं, आणि पुन्हा निघाली ती थेट गावच्या गायी जमतात त्या आखरापर्यंत. "पोचली!" मी ओरडलेच. बाजूची मुलगी दचकली. किती बरं वाटलं म्हणून सांगू, आई.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून बिनधास्त सांगते, साहेबाला सांगितलेलं नाही. प्रत्येक रेघेला आम्ही नंबर टाकतो. या एका रेघेला, नंबराच्या जागी, मी 'आईचं माहेर' असं लिहिलं आहे. सोमवारी नकाशा पुढे जाण्याआधी ते खोडायला हवं. खोडवत नाही.