लाल लिंबू

गहिनीनाथ गुरुजी, करिष्माचा नमस्कार.

चुका लई असतील, माफ करा. सातवीत शाळा सुटली, मोबाईलवर एकेक अक्षर हुडकून लिवते.

ऊसतोडीवरनं आलेल्या आमा पोरांसाठी तुमी जादूची शाळा काढली. कुणाला कधी टपलीबी मारली न्हाई. लिंबातून रगत काढायचं मला तुमीच शिकवलं. सुरीला जास्वंद चोळायची, मग लिंबू कापलं की रस लाल, बस. कुणाला सांगायचं न्हाई, अशी शपथ घातलती.

मी ते शेजारच्या तानाजीकाकाच्या दारात करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्येंचा बैल मेला. मग ते भावकी घेऊन तुमच्यावर आले.

"करणी शिकवतो का बे म्हाताऱ्या?"

उलट्या कोयत्यानं तुमचं डोकं फोडलं. दात मातीत पडले. काकानं माजी येणी धरून इचारलं, "बोल, रगत कुठून आलं?"

तुमी रगतानं भरल्या तोंडानं वरडले, "सांग बाळा! शपथ सुटली!"

मी खाली बघत ऱ्हायले. मग त्येंनी तुमचा उजवा हात दगडावर ठिवून मोडला.

आईला सांगितलं, मी शपथ पाळली. खोटं हाय. इतक्या माणसांत मला तोंडच उघडता आलं न्हाई.

आमच्या शेळीला आज दोन पिल्लं झाली. एक पांढरं हाय.

तुमची,
करिष्मा