मेणकागदाखालची तारीख

दौंड, ६ मार्च १९६९

काय झालं, क्रमाने:
१. पाणबुडीच्या पेरिस्कोपच्या नळीभोवती बसणारी, पाणी अडवणारी रबरी रिंग. आमच्या गोदामात दोनच. आल्यापासून अकरा महिन्यांत कोणी मागितली नव्हती.
२. परवा विशाखापट्टणमहून पहिली मागणी आली. १९ तारखेला बसवणार.
३. काल एक रवाना केली. कार्डावर मुदत — एप्रिल १९७१.
४. आज उरलेली मोजण्यासाठी मेणकागद फोडला. आत बनवल्याच्या तारखेचा शिक्का — नोव्हेंबर १९६५. रबराची मुदत तीन वर्षं. दोन्ही रिंगा एकाच खेपेच्या.
५. मुदत माल आल्या दिवसापासून मोजली गेली. कार्डावरचं अक्षर माझं.

मेण फोडलं की हवा लागते, म्हणून कोणी फोडत नाही. खारी हवा नको म्हणूनच तर हा माल समुद्रापासून इतका लांब!

७ मार्च

मारुतराव साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.
"मिस साळवे, परवा रवाना केलेल्या रिंगेचं पॅकिंग कोणाचं?"
"दानिएल मामांचं."
"मग झालं! म्हातारा एप्रिलात रिटायर होतोय. त्याच्या नावावर जाऊ द्या. वर मी कळवतो, सवडीनं."
सवडीनं! पाण्याखाली माणसं असतात.

८ मार्च

दानिएल मामांना कळलंच. शिरूरचे, आमच्याच चर्चचे. मी काट्यावर माल तोलू लागले की म्हणायचे, "पोरी, नवरा पण असाच तोलून घेणार व्हय?" आज थट्टा नाही.
"माझं नाव घाल. मला आता कोण इचारतंय? तुझं समदं आयुष्य पुढं हाय."
मी "बरं" म्हटलं.
म्हटलं!

शिरूर, ९ मार्च, रविवार

चर्चमध्ये मामा पुढच्याच बाकावर. उपदेश एक शब्द ऐकला नाही. एका पाणबुडीत माणसं किती — सत्तर? पंचाहत्तर?

दौंड, १० मार्च

साहेबांचं पत्र अजून टेबलावरच. सहीसुद्धा नाही. विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला कसली घाई?"

११ मार्च

तार केली. साहेबांना न विचारता. मजकूर असा:

"मुख्य इंजिनिअर यांस. ५ मार्चला पाठवलेली रबरी रिंग बसवू नये. मुदत नोव्हेंबर १९६८ मध्ये संपली आहे. मुदत मी चुकीची नोंदवली. पॅकिंगचा दोष नाही. रिंग बाजूला ठेवल्याचं शनिवार, १५ मार्चपर्यंत तारेनं कळवावं. — ग्लॅडिस साळवे, दौंड."