बसायची खुर्ची

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : लाकडी खुर्ची मिळणेबाबत (बसायची, हुद्द्याची नव्हे).
संदर्भ : आस्थापना शाखेचे पत्र : "निवृत्तीनंतर खुर्ची परत देण्याची तरतूद नाही. नियुक्तीशिवाय कोणासही खुर्चीवर बसता येणार नाही."

महोदय,

अर्ज पुन्हा करण्यास कारण की, पहिल्या अर्जात मी 'पत्नीची खुर्ची परत मिळावी' असे लिहिले आणि कागद आस्थापना शाखेकडे गेला. कार्यालयात खुर्ची मागितली की लोक हुद्दाच समजणार. त्यांचेही बरोबर आहे.

१. माझी पत्नी आपल्या वाचनकक्षात पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीवर सहायिका होती. ज्या वास्तुविशारदांनी इमारत बांधली, त्यांनीच आतल्या खुर्च्या आखल्या : सागवानी, वेताने विणलेल्या, नक्षीचे नाव नाही. पाहणीला आले असता त्यांना पत्नीचे पाय लोंबकळताना दिसले. पत्नी बुटकी आहे. पूर्वी हे मी चेष्टेने म्हणत असे, आता माहितीस्तव लिहीत आहे. "बाई, पाय अधांतरी ठेवून दिवस कसा काढता?" असे विचारून त्यांनी खुर्चीच्या पायावर खडूने खूण केली आणि तिच्यापुरती एक बुटकी खुर्ची करवून घेतली. निवृत्तीपर्यंत ती तिच्यावरच बसली.

२. पक्षाघातानंतर ती आधाराने चालते. पण बसवल्यावर पाय जमिनीला टेकले नाहीत की आपण पडतोय असे वाटून घाबरते आणि माझा हात सोडत नाही. पायाखाली विटा ठेवल्या. त्या हलतात म्हणते. घरच्या खुर्चीचे पाय मी स्वतः कापले. एक कमी भरला म्हणून दुसरा, असे करता करता खुर्चीचा पाट झाला. सध्या ती दिवसभर पडून असते. जेवणही पलंगावरच.

३. भांडार शाखेने कळवले की, त्या खुर्च्या आता दुर्मीळ ठरल्या असून प्रदर्शन दालनात आहेत. ओळख पटवण्यास मूळ वापरणाऱ्या व्यक्तीने समक्ष यावे. आम्ही गेलो. भोवती दोरी होती, 'बसू नये' अशी पाटी होती. पत्नीने खुर्ची लगेच ओळखली आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हसली. पहारेकरी म्हणाला, "आजी, बसायचं नाही." तो नियमाने वागला, त्याची तक्रार नाही. "बरं, मी उभी राहते," असे म्हणून ती उभी राहिली. तिला उभे राहवत नाही. मला तेव्हा फार वाईट वाटले. घरी आल्यापासून तेवढेही वाटेनासे झाले आहे.

४. खुर्ची घरी देता येत नाही, हे मान्य. निदान मापे मागितली, तर तीही देता येत नाहीत असे समजले. मग मी संदर्भातील पत्र पुन्हा वाचले. नियुक्तीशिवाय बसता येत नाही, याचा अर्थ नियुक्ती असल्यास बसता येते.

सबब, माझ्या पत्नीची त्या खुर्चीवर विनावेतन नियुक्ती व्हावी. कार्यालयीन वेळेत मी तिला आणीन व नेईन. काम तिच्याने होणार नाही. पाय टेकवून बसणे होईल. आपणही दिवसभर खुर्चीवर असता, तेव्हा अधिक लिहीत नाही.

आपला नम्र,
(स्वाक्षरी)
वरील सहायिकेचा नवरा
दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) आस्थापना शाखेच्या पत्राची प्रत.
२) प्रदर्शनाचे प्रवेशपत्र, फक्त माझे. तिचे ती हातातून सोडत नाही. ते नियुक्तीपत्र आहे, असे मी तिला सांगितले आहे.