असल्यास

गुरुजी, तुम्ही मानमोडीच्या साथीत गेलात तेव्हा आपल्या गावाला बैलगाडीपलीकडचं चाक माहीत नव्हतं. म्हणून आधी हे सांगतो की माझी आता एक सर्व्हिसची मोटार आहे. सकाळी भोरहून निघते, कापूरहोळच्या फाट्यावर चहापुरती थांबते आणि पुण्याला जाते. दुपार कलली की तीच माणसं आणि बरीचशी तीच गाठोडी घेऊन परत येते. मालक मी असलो तरी चालवणारा वेल्ह्याकडचा एक मनुष्य आहे. पंधरा वर्षं झाली, तो माझ्याकडे आहे. रोज गाडीच्या नाकावर जास्वंदीचं एक फूल ठेवतो, डोळे मिटतो आणि मगच हँडल मारून गाडी सुरू करतो. मीही शेजारी हात जोडून उभा राहतो. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता, पण रागावला नसता.

या मोटारीचा विमा उतरवावा लागतो. म्हणजे दरसाल एका कंपनीकडे हप्ता भरायचा, आणि गाडीला किंवा गाडीमुळे कुणाला काही झालं तर खर्च कंपनीने सोसायचा. आता तर असा कायदाच झाला आहे की विम्याचा कागद जवळ नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. इतकी वर्षं मी हप्ता भरला आणि कंपनीकडे कधी काही मागितलं नाही. देवाच्या दयेने मागायची वेळच आली नव्हती.

मग गेल्या मार्गशीर्षात ती आली. फाट्यावर आमची गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे. उतारू खाली उतरून चहा पीत आहेत, ड्रायव्हरच्या हातात कपबशी आहे. गाडीत एकटी एक म्हातारी बसली आहे, कारण तिच्या मांडीवर कोंबडीची पाटी आहे. तेवढ्यात मागून कोळशाने भरलेली लॉरी येते आणि सरळ आमच्या गाडीवर आदळते. मागचं बाक मोडलं, पत्रा आत गेला, कोंबडी पाटीतून उडून ज्वारीत शिरली. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही. ती खाली उतरली, पदर सारखा केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हुबी गाडी बी सांभाळता येईना व्हय रं तुमाला?" सगळे हसले. लॉरीवाला तेवढा हसला नाही. तो काळवंडलेल्या तोंडाने माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "बिरेक लागलाच न्हाई, दादा." त्याला मी चहा पाजला. इतकं सरळ सगळं होतं.

त्याच दिवशी बसून मी कंपनीला पत्र लिहिलं. गाडी कुठे उभी होती, लॉरी कुठून आली, काय मोडलं, सगळं जसं घडलं तसं लिहिलं. शेवटी, तुम्ही शिकवलं होतं त्याप्रमाणे, हात आपोआप पुढे गेला आणि ती ओळ कागदावर उतरली: चुकले असल्यास क्षमा असावी.

ही ओळ मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकलो. तुम्ही एकटे राहत होता, शाळा सुटल्यावर चुलीपाशी बसून स्वतःच पिठलं करायचा, आणि आम्ही उंबऱ्याशी पाट्या घेऊन पत्र लिहायला शिकायचो. एकदा मी मामाला पत्र लिहिलं आणि ही ओळ गाळली. मी म्हणालो, "गुरुजी, पण माझं काही चुकलेलंच नाही." तुम्ही पळी बाजूला ठेवलीत. धुराने तुमचे डोळे लाल झालेले मला अजून दिसतात. तुम्ही म्हणालात, "चुकलं म्हणून नाही लिहायचं ते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो, तो दुखावला की बोलणं फिरवता येतं. पत्र वाचणाऱ्याचा चेहरा दिसतो का तुला? मग त्याच्यासाठी दार थोडं उघडं ठेवून यावं." मग मला सगळं पत्र पुन्हा लिहायला लावलंत आणि झाल्यावर तुमच्या हाताने तासलेला एक बोरू दिलात. तेव्हापासून एकही पत्र मी त्या ओळीवाचून मिटलं नाही. वडील गेल्याचं पत्रसुद्धा.

दोन महिन्यांनी कंपनीचा कागद आला की पुढच्या सालापासून हप्ता जवळजवळ दुप्पट होईल. मला वाटलं, कुणाचा तरी कागद चुकून माझ्याकडे आला. पुण्याला कचेरीत गेलो. कारकून भला मनुष्य होता, त्याने फाइल काढून माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"अहो, तुम्हीच कबुली लिहून दिली आहे. ही काय, क्षमा मागितली आहे."

"ती तर पत्राची रीत झाली. आणि त्यात 'असल्यास' आहे."

"साहेबांना मराठी येत नाही. त्यांना मी इंग्रजी करून दिलं. त्यात तेवढं 'असल्यास' राहून गेलं असेल." तो ओशाळला होता, पण इलाज नसल्यासारखा बोलत होता. "आणि तिकडे लॉरीच्या मालकाने वकिलाकडून लिहून घेतलं आहे की तुमची गाडी रस्त्याच्या मधोमध होती. साहेबांना दोन्ही कागद जुळले."

मी म्हणालो की तिथे पंधरा माणसं चहा पीत होती, त्यांना विचारा. तो म्हणाला, निकाल झाला, आता एकच वाट आहे. ड्रायव्हरच्या हातून झालं असं धरून त्याला काढून टाका, नवा ठेवा, म्हणजे हप्ता पूर्वीचाच राहील असं साहेबांना सांगता येईल.

घरी येऊन मी ड्रायव्हरला सगळं सांगितलं. तो चाकापाशी उकिडवा बसून वंगण घालत होता. हातातलं चाक त्याने पुरं केलं. मग म्हणाला, "मी जातो गावाकडं, मालक. नाचणी लावीन. माझ्यापायी गाडी नगं थांबाया."

"अरे, तू चहा पीत होतास."

"व्हय. पर कागदाला काय ठावं चा?"

"आणि रोज फूल कोण ठेवणार?"

"तुमी ठिवा की."

"फूल ठेवीन. हँडल कोण मारणार?"

तेव्हा तो हसला आणि बाहीने तोंड पुसलं. बाही वंगणाची होती, त्यामुळे सगळं तोंड काळं झालं. त्याला मी काढला नाही. वाढलेला हप्ता भरला. गाडीला नवा टप घालायचा होता तो राहिला; पाऊस आला की मागच्या बाकावरची माणसं इरली पांघरून बसतात आणि मला नावं ठेवतात. त्याचं मला काही वाटत नाही. खरं उभं असूनही खोटं ठरलं याचं सुरुवातीला फार वाटायचं. संध्याकाळी पोथी उघडली की डोळ्यांपुढे ओवीऐवजी तो इंग्रजी कागद यायचा. आता तेही ओसरत चाललं आहे.

ओसरत नाही ते निराळंच आहे, आणि त्यासाठी लिहायला बसलो. कचेरीत, कारकुनाने ते पत्र पुढे सरकवलं तेव्हा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हणालो, "ही ओळ माझी नव्हे. आमच्या खेड्यातल्या मास्तराने चुकीचं शिकवलं, ते मला भोवलं." कारकून म्हणाला, "मग मोटारीऐवजी मास्तरांचाच विमा उतरवायचा होता." बाकीचे कारकून हसले. आणि गुरुजी, त्यांच्याबरोबर मीही हसलो.

लॉरीवाल्याने निदान समोर उभं राहून खरं सांगितलं होतं. मी मात्र तुमच्या माघारी, जिथे तुमच्या बाजूने बोलायला एकही मनुष्य नव्हता, तिथे तुमच्या नावावर दोष टाकून मोकळा झालो. ज्याची चूक नाही त्याच्यावर ती टाकली की कसं होतं, हे त्याच वेळी माझ्या पाठीवर ताजं होतं.

हे पत्र टपालात पडणार नाही. पोथीच्या रुमालात ठेवीन. शेवटची ओळ लिहायची राहिली आहे, आणि या एका पत्रात मी तिच्यातला एक शब्द गाळतो आहे. पुन्हा लिहायला लावू नका.

चुकले. क्षमा असावी.