सत्तेचाळीस तासांचे एकोणतीस

५ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये रिसर्च अप्रेंटिस म्हणून रुजू झालो. बारा आठवडे. बी.ए.ची दोनच पोरं घेतलीत. मी, आणि तूलिया नावाची एक मुलगी. ऑगस्टअखेर दोघांपैकी एकाला वर्षभर ठेवणार आणि नव्या वेबसाइटवर संपादक म्हणून त्याचं नाव कायमचं लागणार. म्हणजे माझं. आईला फोन करून सांगूनही टाकलं. ती म्हणाली, अजून निवड व्हायचीय ना? आयांना शंका काढायची खोडच असते.

आर्काइव्ह तळघरात. प्रमुख ओर्वोक्कीबाई, वय एकसष्ट. तासाभराच्या स्वागतात एकूण चार वाक्यं बोलल्या. मी हेलसिंकीचा. इकडे हॅमे प्रांतात माणसं अशी बोलतात, जणू शब्द रेशनवर मिळतात. नाव विचारलं तर आधी कॉफी पितात, मग सांगतात.

६ जून
काम कळलं. १९७३ साली राउताला नावाचा एक शाळामास्तर टेपरेकॉर्डर घेऊन सरोवराकाठच्या खेड्यांतून हिंडला आणि स्वयंपाकघरात बसून बायकांच्या मुलाखती घेत सुटला. अशा चाळीस टेप. इतक्या जुन्या, की आधी मंद भट्टीत शेकायच्या, मग वाजवायच्या. वाजताना तपकिरी भुकटी गळते. एकदा नीट वाजते, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. म्हणून पहिल्या फटक्यात जे कॉम्प्युटरवर उतरेल ते जसंच्या तसं ठेवायचं. त्याला ‘मूळ’ म्हणायचं. दर शुक्रवारी ‘मूळ’ची प्रत कपाटातल्या डिस्कवर. ऐकायची प्रत वेगळी करायची.

याची नियमपुस्तिका आहे. पानं चौऱ्याऐंशी. संकल्प : रोज दहा पानं.

८ जून
पहिली टेप लावली. मास्तर विचारतो, त्या वर्षी हिवाळा कसा होता? पुढे काहीच नाही. मशीन बंद पडलं म्हणून वायरी तपासल्या. कुठेतरी घड्याळ टिकटिकत होतं. खुर्ची करकरली. एकेचाळीस सेकंदांनी बाई म्हणाली, थंड.

थंड! फिनलंडमधला हिवाळा! एवढ्यासाठी एकेचाळीस सेकंद!

पुस्तिका : पान १.

१२ जून, दुपारच्या कॉफीनंतर
मार्ग सापडला. माझ्या व्हिडिओंसाठी मी एक सॉफ्टवेअर वापरतो. बोलण्यात एका सेकंदाहून मोठी फट आली की ते ती कापून टाकतं. पाचवी टेप त्यातून काढली. दीड तासाचा पाऊण तास झाला. म्हातारी अशी फाडफाड बोलते की बातम्या द्यायला बसवावी. पन्नास वर्षांत हे कोणाला सुचलं नाही. कसं सुचणार? सुचायला घाई असावी लागते.

ओर्वोक्कीबाईंना आत्ता सांगत नाही. एकदम दाखवीन. थक्क होतील. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसेलच असं नाही, तो भाग वेगळा.

२२ जून, गुरुवार
उद्यापासून मध्य-उन्हाळ्याची सुट्टी. हिशेब : मी चौदा टेप, तूलिया चार. ती हेडफोन लावून टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते आणि वहीत टिपते. वही बघितली. ‘घड्याळ. चुलीचं दार. पस्तीस सेकंद.’ मी विचारलं, हे कशाला लिहितेस? ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, आहे म्हणून.

ही तिची संशोधनाची पद्धत! कीव आली. माझी निवड झाल्यावर तिला जाहीर टोमणा मारायचा नाही, असा संकल्प केला. मोठेपणा आतूनच असावा लागतो.

११ जुलै
ओर्वोक्कीबाई महिनाभर सरोवराकाठच्या लाकडी घरात. अख्खा देशच जुलैत पाण्यात पाय सोडून बसतो. तळघरात मी आणि तूलिया. दिवसभरात तिची तीन वाक्यं : ‘गुड मॉर्निंग’, ‘कॉफी आहे’, ‘तुझा पाय वायरवर आहे.’

‘उन्हाळा आर्काइव्हमधला’ नावाची व्हिडिओमालिका सुरू केली. सात भाग झाले. बघणारे अकरा. आई दोनदा बघते.

पुस्तिका : पान १. सुट्टीत सगळी एकदम वाचीन. तुकड्या-तुकड्यांनी वाचून आकलन होत नाही.

१९ जुलै
कॉम्प्युटर म्हणतो जागा संपली. माझे व्हिडिओ वजनदार आहेत, चांगली चीज जागा खातेच. शोधलं तर ‘मूळ’चं फोल्डर अवाढव्य. आत काय, तर तासन्‌तास घड्याळाची टिकटिक. कपाटातल्या डिस्कवर प्रत टाकायचं शुक्रवारी-शुक्रवारी राहूनच गेलं होतं. म्हटलं, आता टाकून तरी काय करायचं? माझ्या एकतीसही टेपांचा तोच माल स्वच्छ होऊन शेजारच्या फोल्डरमध्ये बसलाय. धान्य निवडल्यावर कोणी खडे जपून ठेवतं का?

‘मूळ’ पुसून टाकलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. फार हलकं वाटलं.

७ ऑगस्ट
ओर्वोक्कीबाई परतल्या. उन्हानं लाल झाल्यात, बोलण्यात फरक नाही. विचारलं, सगळं उतरवलं? मी म्हणालो, एकतीसच्या एकतीस, व्यवस्थित. हे खोटं नाही. व्यवस्थित तर आहेच.

तूलियाच्या नऊ झाल्या. नऊ!

१८ ऑगस्ट, शुक्रवार
सोमवारी वेबसाइटची चाचणी. मुलाखती दिलेल्या बायकांच्या घरच्यांना बोलावलंय. मी भाषण तयार केलं. ‘सत्तेचाळीस तासांचे एकोणतीस’ असं नावच दिलं. शेवटी टाळ्यांसाठी जागा सोडली आहे, साधारण दहा सेकंद.

आई विचारत होती, निकाल कधी? म्हटलं, निकाल लागल्यातच जमा.

२१ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी
आज जे झालं ते तटस्थपणे लिहितो.

नऊ-दहा माणसं आली होती. कॉफी, दालचिनीचे पाव. कौको सोर्वाली म्हणून एकोणसत्तर वर्षांचा एक सुतार, इस्त्रीचा शर्ट घालून बसनं दोन तास प्रवास करून आला होता. त्याची आई एल्सा माझ्या सव्विसाव्या टेपमध्ये. बाप स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात गेला तो गेलाच. मास्तर मुलाखतीला आला तेव्हा हा एकोणीस वर्षांचा, तिथेच चुलीपाशी बसलेला. आई त्या विषयावर जन्मात एकदाच बोलली, तीही त्या टेपवर. ते पुन्हा ऐकायचं म्हणून पन्नास वर्षं थांबला होता.

मी भाषण आवरतं घेऊन तीच टेप लावली. मास्तर विचारतो, परत या म्हणून त्यांना लिहिलंत का? एल्सा म्हणते, नाही. खटक्यात! काय लय आहे! मी टाळ्यांची वाट बघत होतो.

म्हातारा हेडफोनवर हात ठेवून बसून राहिला. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा लावली. मग हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले आणि म्हणाला, “आवाज आईचा आहे. पण ही आई नव्हे. ती असं पटकन म्हणाली नव्हती. आम्ही तिघं बसून होतो. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, लिहिलं म्हणेल.”

ओर्वोक्कीबाईंनी ‘मूळ’ मागितलं.

मी जागेची अडचण समजावून सांगितली. त्या खाली गेल्या. सव्विसावी टेप शेकून पुन्हा लावणार म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, बोलायला विषय तरी मिळाला असता.

२२ ऑगस्ट
टेप किंचाळली आणि थांबली. मशीनवर भुकटीचा ढीग. तूलिया तो ब्रशनं एका डबीत भरत होती. मी विचारलं, हे कशाला? तिनं झाकण लावून डबीवर ‘२६’ लिहिलं.

मी खचलेलो नाही. उपाय सुचवला. गेली ती शांतता, तर शांतता भरून देऊ. मी खोलीत चार तासांची रेकॉर्ड करतो, जिथे-तिथे हवी तेवढी चिकटवू. शांतता ती शांतता. ओर्वोक्कीबाई म्हणाल्या, त्या खोलीत एल्सा नसेल. हा तांत्रिक मुद्दा झाला का? पण वाद घातला नाही.

तूलियाच्या नऊच्या नऊ कपाटातल्या डिस्कवर शाबूत आहेत. नशीबवान लोकांचं असंच असतं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार
तूलियाची निवड झाली. अपेक्षितच होतं. अशा ठिकाणी चमकदार माणूस डोळ्यांत खुपतो. तिला अभिनंदन म्हणालो. तिनं थांबून थँक्यू म्हटलं. तिच्या मानानं लवकरच.

मला मात्र अजून सोडलेलं नाही. नियमपुस्तिकेत, पान बासष्ट, असं आहे की टेपचं नुकसान झालं तर काय गेलं, कधी गेलं आणि कोणामुळे गेलं, याची नोंद टेपच्या माहितीत कायमची ठेवायची. ज्याच्या हातून झालं त्यानंच लिहायची. वेबसाइटवरही दिसणार. म्हणजे तूलियाचं नाव एका पानावर आणि माझं एकतिसांवर. आईला एवढंच सांगितलं. ती खूश झाली. नंतर झोप लागली नाही.

३१ ऑगस्ट
तीस नोंदी झाल्या. ‘बोलण्यातले थांबे कापले गेले. मूळ नष्ट. जुलै २०२३. वाल्तेरी किवेला.’ पहिल्या दहा वेळा लिहिताना हे सगळे नियम किती मूर्खपणाचे आहेत याचा विचार करत होतो. विसाव्या नोंदीनंतर नुसतंच लिहीत होतो.

घरच्यांपैकी कोणाला काही आठवत असेल तर तेही नोंदवायचं. बहुतेकांनी फोनवर सांगितलं, आठवत नाही. उद्या सोर्वाली येतोय.

१ सप्टेंबर, शुक्रवार
शेवटचा दिवस. सोर्वाली दहाच्या बसनं आला. तोच शर्ट. ओर्वोक्कीबाईंनी दोघांना कॉफी दिली आणि दार ओढून घेतलं.

मी नोंद उघडली. सरळ मुद्द्यावर आलो, कारण त्याची परतीची बस होती. विचारलं, परत या म्हणून लिहिलंत का, या प्रश्नानंतर तुमची आई किती वेळ गप्प होती?

तो कपाकडे बघत राहिला.

हॅमे! म्हटलं, ऐकू कमी येत असेल. थोडं मोठ्यानं पुन्हा विचारलं. काही नाही. म्हणालो, अंदाजे सांगितलं तरी चालेल, अर्धं मिनिट? एक मिनिट? तो हलला नाही. एकदा तोंड उघडलं, मिटलं. माझी कॉफी संपली, त्याची तशीच होती, साय धरली. मी म्हणालो, आठवत नसेल तर तसंच लिहितो, काही हरकत नाही. आणि कीबोर्डवर हात ठेवला.

तेव्हा तो म्हणाला, “एवढा वेळ.” मग टोपी उचलली. “पण तू मध्ये बोललास.”

तो गेल्यावर नोंदीत आकडा भरायला बसलो. मी वेळ बघितलीच नव्हती.