गप बसलेला डावा पाय

दौंड, रविवार, २००६

आज गाडी मी चालवली! कुरकुंभपर्यंत नेली आणि परत आणली. पोलिओनं लुळा पडलेला माझा डावा पाय बाजूला गप होता. ह्या ऑटोमॅटिक गाडीला क्लचच नाही, त्याचं कामच काय?

आधी स्टिअरिंगवर हे बसले होते. "मला काय शिकवती? जलम गेला जीपवर." पण गतिरोधक आला की ह्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि थाडकन ब्रेकवर पडायचा. माझं डोकं काचेवर आपटायचंच राहिलं. मागं ट्रक असता तर? अजून तेच मनात येतंय. मी सरळ म्हटलं, "उतरा."

ब्रेक दाबून धरला, मगच गिअरची दांडी 'डी'वर, म्हणजे पुढं जायच्या खुणेवर घेतली. वळवताना गाडी पूर्ण थांबवली, मगच रिव्हर्स. दारात आल्यावर हँडब्रेक ओढून दांडी 'पी'वर, म्हणजे पार्किंगला. एकदाही चुकले नाही. मीच का ही?

उतरताना हे हळूच म्हणाले, "उद्या मला शिकव. ह्या डाव्या पायाचं काय करू?"

लग्नात सगळा मांडव माझ्या ज्या पायाकडं बघत होता, त्याच्याकडं बोट दाखवून मी म्हटलं, "ह्याच्यासारखा ठेवा."